शंका आली तर सोडून द्या

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

खोकला थांबलाय आणि नव्या खोलीत ऊन येतं, तेव्हा माझी काळजी नको. तुझी पाठ कशी आहे? भावोजी अजून पेपर मोठ्यानेच वाचतात का?

बँकेच्या परीक्षेचा निकाल लागला. माझ्या वर्गातली शिंप्याची लेक अर्ध्या गुणाने राहिली. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती. इंग्रजी शब्दांच्या अचूक वापरात तिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. परीक्षेत कोरे सोडलेले अकरा प्रश्न तिने काल मला आठवून सांगितले, आणि त्यांची उत्तरंही. अकराही बरोबर.

"मग सोडलेस का गं?"

"सर, तुम्हीच सांगता ना, चुकलं की गुण कापतात, शंका आली तर सोडून द्या. मला आली शंका."

खरं आहे. फळ्यावर मी रोज आधी तेच वाक्य लिहितो. प्रत्येक शब्दाची उलटतपासणी करायची खोड माझी, ती मी पोरांना लावली. ती रडली नाही. उलट मलाच म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या, सर."

ताई, तुझ्या धाकटीलाही मी फळ्यावरचं तेच वाक्य लिहून पाठवलंय. रविवारी तिचा पेपर आहे. तिला सांग, पहिलं जे मनात येईल त्यावर खूण कर. मामा म्हणाला असं मात्र सांगू नकोस, ती विचार करत बसेल. तुझं म्हणून सांग.

चार कागद फाडून हा पाचवा लिहिलाय. पुन्हा न वाचताच टपालपेटीत टाकतो.

तुझा,
धाकटा