खडूच्या फुलीवर टोचलेली सुई

आण्णा, परवा दवाखान्यात सिस्टरनं माझ्या पोटावर बोट फिरवलं आणि मला तुमचं पोट आठवलं. इन्सुलिन सुरू होऊन चार महिने झाले, तरी माझी साखर उतरायचं नाव घेत नव्हती. डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला. मी भात सोडला, चहा बिनसाखरेचा केला, तरी सकाळी उपाशीपोटी यंत्रावर तोच चढा आकडा. मुलगा रोज विचारायचा, "आई, खरं सांग, काय खाल्लंस?" मी तुम्हाला विचारायची, अगदी त्याच आवाजात. सिस्टरनं चाचपून बेंबीच्या डावीकडची रबरासारखी गाठ दाखवली. रोज इथंच टोचता का, म्हणाली. हो म्हटलं, इथं दुखत नाही. "म्हणूनच तर," ती म्हणाली, "एकाच जागी टोचून टोचून चरबीची गाठ होते. मग औषध नीट रक्तात उतरतच नाही." आता रोज जागा बदलायची, आणि बदलली की साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणून डोस आधी डॉक्टरांना विचारायचा, असं ती समजावत होती. मी मान हलवत होते, पण ध्यान दुसरीकडंच होतं.

ही जागा तुम्हीच मला दाखवली होती. मुखेडचं शिलाईचं दुकान बंद करून तुम्ही लातूरला लेकीकडं आलात, ते मशीन आणि साखर दोन्ही सोबत घेऊन. इन्सुलिन लागलं आणि सुई माझ्या हातात आली. पहिला आठवडा मी जमेल तिथं टोचायची, तुम्ही दात आवळून बसायचात. मग एका सकाळी तुम्ही मशीनच्या खणातून कापडावर खुणा करायचा खडू काढला, बेंबीपासून दोन बोटं मोजली आणि पोटावर बारीक फुली मारली. "इथं दुखत न्हाई, माय. माप एकदा जमलं की मोडायचं नसतंय." रोज आंघोळ झाली की तुम्ही नवी फुली काढायचात आणि मी बरोबर तिच्यावर टोचायची. दोघांनाही त्या नेमकेपणाचं कौतुक होतं. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मीही न विचारता दोन बोटंच मोजली.

तुमची साखर चढतच राहिली आणि मी तुमच्यावर पाळत ठेवली. गुळाचा डबा कुलपात टाकला. तुमचे खिसे तपासले, तुम्ही देवळात गेलात की मशीनचा खण उपसला. बटणं, हूक, खडूचे तुकडे. काहीच सापडलं नाही, तेव्हा मी ठरवलं की तुम्ही फार हुशारीनं खाता. तुमच्या पोटावरची अशीच गाठ तेव्हा माझ्या बोटांना लागत होती, आण्णा. मला वाटलं, चोरून खाऊन पोट सुटलंय.

वेळ अमावस्येला माझ्या सासरच्या शेतात सगळे जमलो होतो. पूजा झाली, भज्जी-आंबिलीची पंगत बसली. माझ्या जावेनं आग्रहानं गव्हाच्या खिरीचा द्रोण तुमच्या हातात दिला. तुम्ही तो नुसता धरून होतात. मी उठले, तो हिसकावला आणि व्याह्यांच्या देखत विचारलं, घरी चोरून खाता तेवढ्यानं भागत नाही का? तुम्ही हात धुतलात आणि म्हणालात, "म्या खाल्लं न्हाई, माय." हे तुम्ही एकदाच म्हणालात. त्यानंतर तुम्ही कधी शेतात आला नाहीत.

मला तुमचाही राग येतो. कापड चोरलं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापुढं उरलेली चिंधी अन् चिंधी मांडून दाखवणारा माणूस माझ्यापुढं गप्प का बसला? लेकीच्या घरी राहतो म्हणून? दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी फुली काढून माझ्यासमोर बसलात. भांडला असतात, सुई हातातून काढून घेतली असतीत, तरी कदाचित जागा बदलली असती. दोन वर्षांनी पायाची जखम भरेना आणि तुम्ही गेलात. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होते, काय करणार, गोडाचा नाद सुटला नाही. घरात आजही तेच बोललं जातं. मिठाईचा बॉक्स उघडला की नातवंडं तुमचं नाव काढून हसतात.

काल मुलाला माझी गाठ दाखवली. तो ओशाळला, चुकलं म्हणाला. मग त्यानं विचारलं, "आजोबांचं पण असंच झालं असेल का गं?" एवढं एक हो म्हणायचं होतं. हे सगळं कागदावर लिहिते आहे, कारण तोंडानं मी त्याला म्हणाले, "नाही रे. ते खायचेच."