पाटीमागचं बोलणं

शुक्रवार पेठ, सोलापूर
संक्रांत होऊन गेल्यावरचा सोमवार

प्रिय शिवपुत्रा,

काल तुला पाहिलं. परवाही पाहिलं, आणि त्याच्या आदल्या दिवशीही. गड्ड्याच्या जत्रेत महिपतीचा सिनेमाचा तंबू लागलाय ना, त्यात तुझं शेवटचं मुकं चित्र आलंय, राजाचा पोर देवासाठी प्राण सोडतो ते. मी सगळ्यांच्या पुढं चटईवर बसते, पडद्याला नाक लागेल इतकी जवळ. तू आलास की मला काय आनंद होतो म्हणून सांगू. शेजारच्या बाईला कोपरानं ढोसून सांगते, हा माझा नातू. ती म्हणते, व्हय व्हय, आन् मी त्या राणीची सासू.

हे पत्र कुणाकडून लिहून घेतलेलं नाही, माझं मीच लिहितेय. अक्षरं तुझ्याच चित्रांवरून शिकले. चित्र मधेच जाऊन बोलण्याची पाटी येते आणि तंबूतला माणूस कंदील घेऊन पडद्याशेजारी उभा राहून ती वाचून दाखवतो. मला ऐकू कुठलं येतंय, माझे कान गिरणीनं कधीच खाल्ले. पण त्याच्या ओठांकडं बघायचं आणि पाटीकडं बघायचं, असं करत करत आलं. कन्नड अक्षरं पाट्यांवर नसतात, म्हणून मराठीत लिहितेय, रागावू नको. आणि गंमत अशी की ‘प्राणनाथ’, ‘धिक्कार असो’ असले शब्द मला झरझर लिहिता येतात, आणि ‘भाकरी’ लिहायला बसले की अडते. पाट्यांवर भाकरी कुणी खातच नाही.

तुला गिरणीची खिडकी आठवते का? तुझे आई-बाप तापाच्या साथीत गेले, तेव्हा तू अंगावर पिणारा होतास. जरा मोठा झालास तसा दुपारी माझी भाकरी घेऊन खिडकीशी यायचास. आत मागांचा असा खडखडाट की ओरडून काही उपयोग नाही. आम्ही बाया आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायचो, ओठ मोठे मोठे हलवून, भुवया, डोळे, सगळं तोंड कामाला लावून. तू ते बघून बघून उचललंस. खिडकीबाहेरून विचारायचास, चटणी तिखट झालीय का, आणि मी आतून म्हणायचे, लई. मग एका जत्रेत तू आकाशपाळण्यात वर बसून, खाली उभ्या असलेल्या मला नुसत्या ओठांनी, भूक लागलीय म्हणून सांगत होतास, तर तो सिनेमा कंपनीचा माणूस बघतच राहिला. म्हणाला, या पोराचं तोंड बोलतंय. पुण्याला घेऊन गेला. मी पाठवलं. इथं राहून तुला काय मिळणार होतं, हाच खोकला आणि हेच बहिरेपण.

पहिल्या चित्रात तुला बाळकृष्ण केलं होतं. लोक हात जोडून बसलेले. तू यशोदेकडं तोंड करून काहीतरी बोललास, पाटी आली, माते, मी लोणी चोरले नाही. पण मी तुझ्या ओठांवर काय वाचलं? अज्जी, ऊटा आयता? सगळा तंबू देवाला बघतोय आणि देव मला विचारतोय, जेवलीस का. तेव्हापासून ते आपलं टपालच झालं. वनवासात बसून तू सांगायचास की इथं रोज भातच असतो, कडक भाकरीची आठवण येते. तुझा सिनेमातला बाप, तो मोठ्या मिशांचा राजा, दुपारी घोरतो, हेही तू भर दरबारात रडत रडत सांगितलंस. मी खदाखदा हसले, तर मागची बाई म्हणाली, म्हातारे, पोराचा जीव चाललाय आन् हसतीस व्हय? तिला काय सांगू. एकदा तुला मुलगी केलं होतं, तेव्हा लुगडं टोचतंय म्हणालास. एकदा म्हणालास की कंपनीतली एक बाई मला वाचायला शिकवतेय. तेच ध्यानात धरून हे लिहितेय.

सगळंच चांगलं सांगायचास असं नाही. नदीतल्या चित्रात तुला पाण्यात उभं केलं होतं, तिथं तू एवढंच म्हणत होतास, गार आहे, अज्जी, लई गार. त्याच्या पुढच्या चित्रात तू डाव्या पायानं लंगडत होतास आणि पाटीवर त्याचं काहीच नव्हतं. मी घरी येऊन तेल कोमट केलं आणि मग बसले तशीच वाटी घेऊन. बोलायचास तू, आणि मला उलटं काही सांगता येत नव्हतं. चटईवरून ओठ हलवायचे मी, पण पडद्यातून तुला कसं दिसणार?

मग बोलपट आले. मीही जाऊन बघितले. लोक कान देऊन ऐकतात. मी ओठ वाचते, तर तिथं जे बोलायचं ठरलेलं तेच बोलतात, घरचं एक अक्षर नाही. तुला शोधलं. कुठल्याच बोलपटात नव्हतास. आपलं मराठी असं अडखळतं, त्यांना चाललं नसेल.

आता या चित्राचं सांगते. शेवटी तू राणीच्या मांडीवर पडलेला असतोस. चेहरा किती वाळलाय रे. ओठ हलतात. अज्जी, कंपनी मोडली. मला न्यायला ये. मी आता... आणि पाटी येते. हे प्रभो, मी आपल्या चरणी येत आहे. पाटी जाते तेव्हा तुझं तोंड मिटलेलं असतं आणि राणी रडत असते. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझीच नजर चुकली. म्हणून रोज गेले. रोज पाटी तिथंच येते.

काल सकाळी महिपती यंत्र पुसत होता, त्याला म्हटलं, बाबा, तेवढी एक पाटी बाजूला धर, माझा नातू मागं काय बोलतोय ते बघू दे. त्यानं फीत उजेडात धरून दाखवली. नखाएवढा तू, एकाखाली एक, मग पाटी, मग पुन्हा तू, तोंड मिटून. म्हणाला, अज्जी, पाटीमागं काय न्हाय. पाटी घालायला तेवढं कापून काढत्यात. मी इतकी वर्षं समजत होते, दाराला फळी लावतात तशी पाटी लावतात आणि मागं तू बोलतच असतोस. मग मागच्या सगळ्या पाट्या आठवत बसले. माझा चेहरा बघून तो म्हणाला, यातला एक तुकडा कापून देऊ का, जवळ ठेवायला? मी नको म्हटलं. आणखी एक शब्द कमी व्हायचा.

हे चित्र पुण्यात दोन वर्षांपूर्वीच लागून गेलं म्हणे. म्हणजे तू हाक मारलीस तेव्हा मारलीस, मला ती या आठवड्यात पोचली. कंपनीच्या जागी आता लाकडाची वखार आहे, तिथं तुझं नाव कुणाला माहीत नाही, महिपती ही फीत आणायला पुण्याला गेला होता तेव्हा माझ्यासाठी स्वतः विचारून आलाय. उद्या त्याचा तंबू उठतो, इथून बार्शी, मग वैराग, मग पुढं कुठं कुठं. म्हणून हे पत्र त्याच्याजवळ देतेय. जिथं सिनेमावाले भेटतील तिथं विचारीन म्हणालाय. होय म्हणताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, तेही मी वाचलं. तरी लिहिलं. मला एवढंच हवंय, ‘मी आता...’ याच्या पुढं तू काय म्हणालास? गावाचं नाव असेल तर नुसतं गावाचं नाव लिही, पुढचं मी बघते, अजून पाय चालतात. आणि लिहिणं जमत नसेल तर सोलापूरला ये. तुला आता मिसरूड फुटलं असेल, गर्दीत मी ओळखणार नाही. तू लांबूनच ओठ हलव.

तुझीच, चटईवर सगळ्यांच्या पुढं बसलेली,
निंगव्वा अज्जी