हुडकेश्वरचा निळा डबा

१५ एप्रिल १९७९, रविवार

आज मला घर मिळाले, आणि या घराला चाके आहेत! प्रेमिलाला कार्डावर हे कसे सांगावे ते सुचत नाही, म्हणून आधी इथे लिहितो.

भैय्याजी हुडकेश्वरकडची शेते घेऊन प्लॉट पाडतात. त्यांना असा ट्रेसर हवा होता की जो जागेवरच राहील, मोजणी झाली की तिथेच बसून नकाशे काढील आणि तयार झाले की धंतोलीच्या ऑफिसात पोचवील. रोज ऑफिसात जायचे काम नाही. एक लेआउट संपले की ट्रॅक्टर जोडून बिऱ्हाडच पुढच्या लेआउटवर. जाण्यायेण्यासाठी त्यांनी त्यांची जुनी राजदूत फटफटी दिली. माझी शाळा आठवीतच सुटली, पण माझे अक्षर पाहून त्यांनी बाकी काही विचारले नाही.

हिंगण्याच्या रस्त्यावर त्यांचे भंगाराचे आवार आहे. तिथल्या चाकांवरच्या तीन डब्यांतून राहण्यासाठी एक निवडायचा होता. मी टेप घेऊनच गेलो. पहिला रोडरोलरवाल्यांचा, लोखंडी. आत हात टेकवला तर चटका बसला. दुसरा कोण्या फिरत्या दवाखान्याचा. खिडक्या मोठ्या, कपाटे छान, पण फटफटी बाहेर ठेवावी लागली असती, आणि दुसऱ्याची फटफटी माळावर उघडी टाकून मला झोप लागली नसती. तिसरा निळा, लाकडी, वर पत्रा. त्याची मागची भिंत बिजागऱ्यांवर खाली येते आणि तिचीच उतरती फळी होते. फटफटी फळीवरून सरळ आत. मागे फटफटीची खोली, मध्ये दाराची पडदी, पुढे दिवाण, ओटा आणि खिडकीखाली नकाशाच्या मेजापुरती जागा. मी पुन्हा पुन्हा मोजत होतो, तेव्हा भैय्याजी हसून म्हणाले, ‘काहून बे लहानू, डबा पाहून राहिला का पोरगी पाहून राहिला?’ मी तिसऱ्यावर बोट ठेवले.

तो जत्रेतल्या मौत का कुआँवाल्यांचा, असे ते म्हणाले. लाकडी विहिरीच्या आतल्या भिंतीवर फटफटी फिरवणारा माणूस त्यात राहत असे. त्याचे खेळणे मागे, तो समोर, आता तुझेही तसेच, असे म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. कंपनी मोडली म्हणून डबा भंगारात आला.

१८ एप्रिल, बुधवार

वस्तीपासून जरा दूर, यमुताईंच्या चहाच्या टपरीपलीकडे, कडुलिंबाखाली डबा उभा केला. यमुताई मनाने चांगल्या, पण तोंडाने फटकळ. मी चारही कोपऱ्यांखाली विटा सारत होतो आणि मेजावर गवंड्याची पाणसळ ठेवून काचेतला बुडबुडा मध्ये येतो का ते पाहत होतो. त्या बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘भाऊ, एवढं तं कोनी ताजमहालालेबी मोजलं नसंल गा.’ पण मेज तिरपे असले की शाई ओघळते, आणि ट्रेसिंगच्या कापडावरचा डाग खोडला तरी दिसतो. बुडबुडा मधोमध आला तेव्हाच मी चहा घेतला.

खिडक्यांना ओली पोती बांधली. बुद्धाची तसबीर लावली. दिवाणाशेजारी प्रेमिलाच्या ट्रंकेची जागा मोकळी ठेवली. लग्न झाल्यापासून आम्ही दोघे स्वतःच्या घरात एकदाही राहिलो नाही. इंदोऱ्याच्या खोलीत भाऊ, वहिनी, त्यांची मुले. म्हणून ती माहेरी, भिवापूरला. बुद्ध पौर्णिमेनंतरच्या रविवारी तिला आणायचे ठरले. हे घर टिकले तर आमचा संसार सुरू होईल.

२३ एप्रिल, सोमवार

एक छोटी गोष्ट झाली. लिहून टाकतो, म्हणजे मन शांत होईल.

दुपारी जेवायला बसलो होतो. बाहेर झळा, रस्त्यावर कुत्रेसुद्धा नाही. मागची फळी वाजली. चाक फळीवर चढावे तशी, खालून वरपर्यंत. मग डबा मागच्या बाजूने किंचित खचला. मला वाटले, भैय्याजींचा माणूस काही निरोप घेऊन आला. तोंडात घास होता. मान वर न करता मी म्हणालो, ‘या जेवायले.’

आपल्याकडे असे कोणीही म्हणते. कोणी खरोखर जेवायला येत नाही. ‘होऊ द्या, होऊ द्या’ म्हणतो आणि बाजूला बसतो. मी त्या ‘होऊ द्या’ची वाट पाहिली. ते आलेच नाही.

उठून पाहिले. मागची भिंत बंद, कडी आतून लागलेली. राजदूत आपल्या जागी. उन्हाने लाकूड वाजले असेल.

२६ एप्रिल, गुरुवार

बुडबुडा पुढे सरकला आहे. म्हणजे डबा मागे जड झाला. विटा दाबल्या गेल्या असतील म्हणून मागे दोन विटा आणखी घातल्या. बुडबुडा मध्ये आला. जेवायला बसलो तर पुन्हा पुढे गेला. मी फटफटी बाहेर काढून कडुलिंबाला बांधली आणि पुन्हा पाहिले. रिकाम्या खोलीचे वजन तेवढेच होते.

यमुताईंना सांगितले. त्या म्हणाल्या, ऊन लागले असेल, कांदा खिशात ठेवा. ठेवला.

३० एप्रिल, सोमवार

आज जेवताना पाणसळ समोर ठेवली होती. चूक केली.

पहिला घास घेतला तेव्हा बुडबुडा पुढच्या टोकाला होता. मग तो हळूहळू मध्ये येऊ लागला. मला बरे वाटले. मध्ये आला, पण थांबला नाही. मागच्या टोकाकडे सरकत गेला. म्हणजे जे मागे होते ते आता पुढे आले होते. पडदीचे दार उघडून माझ्या खोलीत. मी हललो नव्हतो. दिवाण करकरला. जिथे प्रेमिलाची ट्रंक ठेवायची आहे, त्याच्या शेजारी.

मी ताट तिथेच टाकून टपरीवर गेलो. परत आलो तेव्हा ताटातली भाकर अर्धी होती. ताटाच्या काठाला काळे ग्रीस लागले होते, चार बोटांचे.

३ मे, गुरुवार

हिंगण्याच्या आवारात गेलो होतो. तिथे वेल्डिंग करणारे नत्थूजी पूर्वी त्या कुआँवाल्यांकडेच होते, हे आज कळले. मी निळ्या डब्यात राहतो म्हटल्यावर त्यांनी हातातले काम ठेवले.

फटफटीवाला विहिरीत पडून मेला तेव्हा लोकांनी त्याला डब्यातल्या मागच्या खोलीत आणून ठेवले. त्याचे जेवण झालेले नव्हते. तो एकटा माणूस, खेळ संपला की प्रत्येकाच्या चुलीपाशी कोणी बोलावते का म्हणून घुटमळायचा. त्याच्यानंतर कंपनीतले कोणी त्या डब्यात जेवत नसे. सगळे बाहेर, उघड्यावर. चुकून तोंडातून निघू नये म्हणून.

मग त्यांनी विचारले, ‘जेवताना तू कोनाले या म्हनलं तं नाही ना?’

मी सांगितले, हो, म्हटले.

ते म्हणाले की, जेवायला बोलावलेला माणूस घरच्या बाईने वाढल्याशिवाय जेवला असे होत नाही. तो वाट पाहत बसेल. ‘तुया घरी बाई नाही ना? मंग बरं हाय.’

मी बुद्ध पौर्णिमेनंतरच्या रविवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले.

४ मे, शुक्रवार

भैय्याजींकडे दुसरा डबा मागितला. दवाखान्याचा बुटीबोरीला गेला, रोलरवाल्यांचा विकला. म्हणाले, टेप लावून लावून तूच पसंत केला, आता सासरी नांद. ऑफिसातले सगळे हसले. राहायचे नसेल तर सांग, जागेवर राहणारा दुसरा ट्रेसर पाहतो, असेही म्हणाले.

काम गेले तर प्रेमिला माहेरीच राहील. काम राहिले तर ती इथे येईल.

तिला कार्ड टाकले : येऊ नकोस. कारण लिहिले नाही. काय लिहिणार?

७ मे, सोमवार

आता डब्यात जेवत नाही. टपरीवर जेवतो. नकाशे मात्र तिथेच काढावे लागतात, मेज दुसरीकडे नाही.

आज भिंतीवर एक रेघ दिसली. गुडघ्याच्या उंचीवर, काळी. टायरची नक्षी त्यात स्पष्ट उमटली आहे. मागच्या खोलीतून सुरू होते, पडदीवरून येते, दिवाणाच्या वरून, खिडकीच्या काचेवरून, मेजामागून, आणि पुन्हा मागे. कुठे तुटलेली नाही. मी आयुष्यभर रेघा ओढल्या. इतकी सरळ रेघ मला आली नाही.

राजदूत कडुलिंबाला बांधलेली आहे. तिच्यात पेट्रोलही नाही.

९ मे, बुधवार

रेघ आज कमरेच्या वर. पुसली. हात काळा झाला, रेघ तशीच.

भर दुपारी आत फटफटीचा आवाज. लांबून आल्यासारखा, खोल विहिरीतून. गोल, गोल. यमुताई म्हणाल्या, त्यांना काही ऐकू येत नाही. पण त्या टपरीतून उठून माझ्या बाजूला येऊन बसल्या.

१० मे, गुरुवार

रेघ आज तसबिरीवरून गेली. काचेवरून.

दिवाणावर बसल्याचा खड्डा आहे, आणि तो उबदार आहे. समोर, डब्याच्या जमिनीवर, ताट मांडलेले. मी मांडले नव्हते.

कार्डावर भरवसा नाही. उद्या सकाळच्या एस.टी.ने भिवापूरला जातो. खोटे सांगेन, काम सुटले म्हणेन. ती रडेल. रडू दे. इथे आली नाही म्हणजे झाले.

११ मे, शुक्रवार

भिवापूरला ती नव्हती. कार्ड पोचलेच नाही. सासूबाई हसत म्हणाल्या की तिच्या भावाचा मिरच्यांचा ट्रक आज नागपूरला निघाला, तर ही त्यात बसली. नवऱ्याले चकित करतो म्हने. आम्ही वाटेत चुकलो.

धावतच आलो. टपरीवर यमुताई म्हणाल्या, ‘जा गा भाऊ, आली तुमची घरवाली. आल्या आल्या चूल पेटवली पोरीनं.’

फळी खाली. प्रेमिला ओट्याशी. पदर खोचलेला, घामेजलेली, किती खूश. मी बाहेरूनच म्हणालो, चल, लगेच चल. ती म्हणाली, असं काय करता, पाहुणे जेवून राहिले ना. पंगतीतून बाईने उठून जायचे असते का?

तीन ताटे.

मी आत आलो. तिला ओढून नेण्यासाठी आलो. मागे फळी उठली. कडी लागली.

आता बसलो आहे. वर पाहत नाही. लिहीत राहिलो म्हणजे वर पाहावे लागत नाही. प्रेमिला वाढते. तो आडवा हात करत नाही. ती पुन्हा वाढते. ती त्याला विचारते, कुठचे तुम्ही? तिला काय दिसते ते विचारायची माझी हिंमत नाही. ग्रीसचा वास. जळालेल्या तेलाचा.

भात संपला.

तो उठला. दिवाण वर आला. जेवला, आता जाईल — नत्थूजी म्हणाले होते वाढल्याशिवाय — म्हणजे आता जाईल —

प्रेमिला हात पुसत त्याला पोचवायला मागच्या खोलीत गेली. मी ओरडलो. ती म्हणाली, पाहुण्याला दारापर्यंत तरी —

पडदीचे दार लागले. उघडत नाही.

फटफटी सुरू झाली.

भिंती थरथरतात. रेघ ओली आहे. छतापर्यंत.

प्रेमिला हसली. आधी हसली. आता माझे नाव घेते. डावीकडच्या भिंतीवरून. मागून. उजवीकडून —

समोरून गेली, वारा लागला —

पुन्हा डावीकडून. जोरात. प्रेमिला, त्याला सोड, हात दे, मी धरतो, मी इथे मध्ये —

आता वरून —