मधला 'स्व'

सनाबिस, बहारीन
९ सप्टेंबर २०२४

ती. स्व. स्मितामावशीस,
कश्मिराचा शि. सा. न. वि. वि.

व्हॉट्सॲपवर मी नुसते अंगठे पाठवते अशी तुझी तक्रार, म्हणून हे कागदी पत्र. ऑफिसातला जयप्रकाश पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देतेय.

तुझ्या फ्रेंच लेखिकेनं इथं उच्छाद मांडलाय. आजी आर्मेनियन, स्वतः पॅरिसची, आणि वाचतंय सगळं बहारीन. सीफच्या मॉलमधल्या दुकानात तिच्या नव्या कादंबरीसाठी नावं नोंदवावी लागतात. माझ्या शेजारच्या टेबलावरची सुहा ती अरबीत वाचतेय, मेहरीन इंग्रजीत, आणि जेवणाच्या सुट्टीत दोघी डोळे पुसतात. तू ती मराठीत आणतेयस हे कळल्यापासून मला फुकट चहा मिळतो. तुझ्या जिवावर माझा रुबाब.

डॉक्टरांनी बाळंतपणाची दहा डिसेंबर तारीख दिलीय. तब्येत ठीक, फक्त पाय सुजतात. बाळाचा बाबा जयेश म्हणतो, तुला बोलवावं. पण अनुवादही तुला डिसेंबरातच द्यायचाय ना? म्हणून मी इतके दिवस विषय काढला नाही.

तुझी माया अशीच असू दे.
कश्मिरा

पुणे
२१ सप्टेंबर

चि. सौ. कश्मिरास,
अनेक आशीर्वाद.

पाय उंचावर ठेवत जा, मीठ कमी खा. रुबाब खुशाल कर, पण इथं शेवटच्या पानावर माझं घोडं अडलंय. नायिका तिला वाढवणाऱ्या सावत्र आईला पुस्तकभर नावानं पत्रं लिहिते, आणि शेवटच्या पत्रात एकदम 'मामाँ', म्हणजे आई, म्हणते. तुझी सुहा तिथंच रडली असणार. मराठीत मायना काय घालू? तीर्थरूप सख्ख्या आईवडिलांना, इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. प्रकाशक म्हणतात, एवढं कोण बघतं. मी बघते.

पहिल्या बाळंतपणाला मुलीची आई असते. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. तुझ्या बाबांशी लग्न करून मी घरात आले ती नंतर. आता तेही नाहीत. मी यावं असं तुला वाटतं की जयेशला, हे मला कळत नाही. पुस्तकाचं निमित्त करू नकोस. स्पष्ट लिही, राग येणार नाही.

माझा लोभ गृहीतच धर.
स्मितामावशी

सनाबिस
२ ऑक्टोबर

तीर्थरूप आईस,
शि. सा. न.

मायना चुकलेला नाही. चौथीत पत्रलेखनाच्या पेपरात मी तुला हेच लिहिलं होतं. सख्खी आई नव्हे म्हणून बाईंनी लाल शाईनं मध्ये 'स्व' घातला आणि अर्धा मार्क कापला. तो पेपर मी तुला दाखवलाच नाही. त्या लाल शाईच्या धाकानं मी वीस वर्षं 'स्व' लिहीत आले. तुला तो प्रत्येक पत्रात टोचत असेल हे मनातही आलं नाही. मला माफ कर. पुस्तकाचं तू ठरव. सुहा म्हणते, यात विचारायचं काय.

जयेशचं नाव मी उगाच पुढे केलं. बाळंतपणात सोबत कोण असणार हे इथं हॉस्पिटलात आधीच नोंदवतात. नर्स टेरेसा आपल्या वसईची. फॉर्म भरताना तिनं मराठीतच विचारलं, आई येणार ना? मी हो म्हटलं. तिनं नाव विचारलं, मी तुझं सांगितलं. मग तुला विचारायचाच धीर होईना. ही गोष्ट ऑगस्टमधली आहे.

पुस्तकाचे कागद घेऊनच ये. लोभ आहेच, आता तू हवीस.
तुझी कश्मिरा