तू बांधलेली गाठ

१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. फोन सोडून हिला पत्राची अवदसा कुठून आठवली, असं म्हणशील. फोनवर तू मधेच "बरं, जेवलीस का?" विचारतोस आणि मला जे बोलायचं असतं ते तिथेच गिळलं जातं. म्हणून हा कागद.

इथे थंडी पडायला लागली आहे. उतारावरच्या सायकलींचा वर्ग आता बंद, बर्फावरच्या स्कीइंगला अजून अवकाश, त्यामुळे सगळे नवशिके दोर बांधून कडा चढायच्या माझ्या वर्गात येऊन पडले आहेत. एक दंतवैद्य आहेत. लोकांच्या तोंडात यंत्र घालताना त्यांचा हात हलत नसेल, पण कमरेएवढ्या दगडावर उभं केलं तर डोळे मिटून घेतात. एक सासू-सून आहेत. दोघींनी एकमेकींचा दोर धरायचा आहे, असं सांगितल्यावर सासूबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "दुसरं कोणी नाही का हो?" तू असतास तर हसून लोळला असतास.

माझ्या खोलीतला नळ अजून गळतोच आहे. खाली बादली ठेवते.

रविवारी वहिनींचा फोन आला होता. प्लास्टर निघालं, घोटा बरा आहे, जिना चढतोस, हे ऐकून बरं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "पाय झाला हो बरा, पण हे दुकानात नुसते बसून असतात. बटण लावतात, ओढून बघतात, उसवतात, परत लावतात. परवा एका गिऱ्हाइकाचं कोटाचं कापड न कापताच परत केलं. म्हणतात, ज्या हातांना साधी गाठ धड जमली नाही, त्यांनी लोकांचे कपडे काय शिवायचे!" सांगताना त्या उसनं हसत होत्या. मी म्हटलं, "होईल हळूहळू." फोन ठेवला आणि कोठीत जाऊन दोरांची वेटोळी घालत बसले. ती सगळी सकाळीच घालून झालेली होती.

दादा, आता सांगते. मधे थांबू नकोस.

ऑगस्टमधल्या त्या शनिवारी तू माझ्या वर्गाला आलास आणि पहिल्याच खेपेला आठाची गाठ बांधलीस. आधी दोराचा आठ, मग टोक कमरेच्या पट्ट्यातून ओवून त्याच वाटेने परत फिरवायचं. बाकीचे अर्धा तास झटत होते. तू अठ्ठावीस वर्षं सुई-दोऱ्यात काढलेला माणूस, दोन मिनिटांत बांधून वर "हे काय, लहान पोरांचं काम" म्हणालास. मला केवढा अभिमान वाटला! मोबाइलवर फोटो काढला. मग सगळ्यांना हाक मारली, "इकडे या, माझ्या भावाकडून शिका." आणि पायऱ्या दाखवायच्या म्हणून ती गाठ मी सोडली.

मी सोडली आणि मीच पुन्हा बांधायला घेतली. आठ केला, टोक तुझ्या पट्ट्यातून ओवलं. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं की हेल्मेटचा पट्टा हनुवटीला चावतोय. मी तिकडे गेले. टोक परत फिरवायचं राहिलं ते राहिलंच. वारा होता म्हणून तू जाकिटाची चेन वर ओढलीस आणि सगळं झाकलं गेलं.

चढण्याआधी दोर धरणाऱ्याने समोरच्याची गाठ हात लावून बघायची, हे मी रोज घसा कोरडा करून सांगते. तुझा दोर माझ्या हातात होता. मी बघितली नाही. घरचाच माणूस, आत्ताच तर पाहिली, असं वाटलं. तू दोन पुरुष उंच चढलास आणि मी म्हटलं, "आता मागे रेल, दोरावर बस." तू म्हणालास, "नक्की ना गं?" मी म्हटलं, "अरे, भरवसा ठेव."

तू भरवसा ठेवलास. माझ्या हातातला दोर एकदम हलका झाला. तो हलकेपणा अजून तळव्यांत आहे.

हे चूक म्हणून कदाचित तू पोटात घालशील. पुढचं घालू नकोस. दवाखान्यात पाय टांगलेला असताना तू विचारलंस, "तू सोडून दाखवलीस, मग परत मीच बांधली होती ना?" तुला खरंच आठवत नव्हतं. मी म्हटलं, "हो." एवढंच. तू लगेच म्हणालास, "मग तुझ्या नोकरीला धक्का नाही, सुटलो!" आणि खूश झालास. पाय मोडलेला, आणि माझ्यासाठी खूश. मी तुझ्यासमोर सफरचंद कापत होते. त्याच संध्याकाळी ऑफिसच्या कागदावर लिहिलं, "शिकाऊ व्यक्तीकडून गाठ अर्धवट बांधली गेली." खाली सही माझी.

नंतर रोज ठरवायचे की आज सांगू. मग वाटायचं, पाय भरून आला की हे आपोआप मिटेल. तू तुझ्या हातांना दोष देत बसला असशील, हे डोक्यातच आलं नाही. खोटं कशाला, आलं होतं. मी तो विचार ढकलून दिला. मला माझी लाज वाटते दादा, आरशात बघून केस विंचरवत नाहीत इतकी.

आज सकाळी मुख्य शिक्षकांना सगळं सांगितलं, जुना कागद खोटा आहे असं लिहून दिलं.  त्यांनी माझी शिट्टी आणि कोठीची किल्ली मागून घेतली. पुढे काय ते समिती ठरवेल. तू मधे पडून रदबदली करू नकोस, तुझा स्वभाव माहीत आहे मला. वहिनींना हे पत्र वाचायला दे. त्या बोलतील ते मी ऐकून घेईन.

सोबत तो फोटो छापून पाठवते आहे. सात आठवडे माझ्या मोबाइलमध्ये होता. त्यात गाठ पट्ट्याला बसलेली आहे, सगळे पदर शेजारी शेजारी, कुठेही पीळ नाही, आणि मागे तुझे दात दिसताहेत. भिंग घेऊन बघ. तो फोटो कात्रीशेजारी ठेव आणि त्या गिऱ्हाइकाचं कापड परत मागव.

झाडावर सरसर चढते म्हणून तू जिला खार म्हणायचास, तिच्या बुटांच्या नाड्या पहिल्यांदा तूच बांधून दिल्या होत्यास. नंतर ओढून बघायचास, घट्ट बसल्यात का. मी एकदाही ओढून बघितलं नाही.

तुझी गाठ बरोबर होती, दादा.

तुला "हो" म्हणालेली,
तुझी खार