माळ्यावरचा पॉइंट

१२ फेब्रुवारी
सकाळी वरून "लाव" आलं. मी लावलं. झालं आजचं बोलणं! आता झोपताना "बंद कर".

ह्यांनी नोकरी मुदतीआधी सोडली, मला न विचारता. मी म्हणाले, "बसा आता घरात माझ्या डोक्यावर मिरे वाटत." तर हे गादी आणि रेडिओ घेऊन थेट माळ्यावर! अगदी खरोखर डोक्यावर. जेवायला तेवढे उतरतात, तेही ताटाशी लग्न लागल्यासारखे ताटाकडेच बघत.

माळ्यावर पॉइंट नाही. म्हणून माझ्या उशाजवळच्या पॉइंटवरून लांब वायर वर गेलीय. तिच्यामुळे माळ्याचं झाकण पूर्ण लागत नाही. दिवा, पंखा, रेडिओ – सगळं माझ्या बटणावर.

१३ फेब्रुवारी
जेवताना म्हणाले, "वर पॉइंट काढून घेतोय. वायरमन येईल." एवढं लांब वाक्य कितीतरी दिवसांनी ऐकलं, आणि तेही हे.

१४ फेब्रुवारी
शेजारीण म्हणाली, "बरं झालं, तुमची बटणाची कटकट गेली." मी हसले. काय सांगणार तिला? पॉइंट झाला की तेवढे शब्दही जाणार. मग माझ्याशी बोलायला ह्यांना कारणच काय उरलं? तोंड उघडून मी काही म्हणावं, तर तेही जमत नाही. आधी मीच का?

१५ फेब्रुवारी
"लाव." "बंद कर."

१६ फेब्रुवारी
हे बाहेर गेलेले, आणि वायरमन दारात. मी म्हणाले, "घरात कोणी नाही." तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "बरं काकू, परवा येतो."
खोटं बोलायचं तर निदान धड तरी बोलावं माणसाने.

१८ फेब्रुवारी
आज दार ह्यांनीच उघडलं. दिवसभर ठोकाठोकी. भिंतीवरून पट्टी मारून, छताला भोक पाडून नवी वायर वर नेली. माझी गादी धुळीने माखली. दोघं वर बराच वेळ गप्पा मारत होते – म्हणजे येतं ह्यांना बोलता.

जाताना वायरमनने जुनी वायर गुंडाळून माझ्या हातात दिली. "उरलेलं उद्या, काकू." माळ्याचं झाकण आज पूर्ण लागलं. फटसुद्धा नाही.

फार एकटं वाटतंय. लिहून काही कमी होत नाहीय.

१९ फेब्रुवारी
वायरमन परत आला. मला वाटलं, भोकं बुजवायला. तर हा माझ्या उशाजवळ नवीन बटण बसवू लागला.
"हे कशाचं?"
"वरच्या पॉइंटचं. मी म्हटलं काकांना, पॉइंट वर आहे तर बटणही वरच देतो. तर म्हणाले, नको, तिच्या हाताशी पाहिजे."

तो गेला. आत्ताच वर झाकण सरकलं. मी बटण दाबलेलं नाही. मागू देत की आधी.