अहिरेंचा हात

नाशिक, मार्च १९७८. मंगळवार संध्याकाळ.

अहिरेंचा हात डोक्यातून जात नाही. आमच्या माती प्रयोगशाळेत ते नवीन, पण कामाला चोख. मग नामपूरकडच्या नव्या बांधाच्या मातीच्या घट्टपणाचे आकडे असे अवाच्या सवा का, म्हणून आज त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले. साच्यात माती भरली की रॅमर, म्हणजे ती ठोकायचं वजन, उचलायचा आणि सोडून द्यायचा. तो आपल्या वजनानेच पडायला हवा. अहिरे सोडतच नव्हते. दातओठ खाऊन खाली हाणत होते.

मी चिडलेच. "अहो, मिरच्या कुटताय का?"

ते घाम पुसत म्हणाले, "बाई, त्या बांधना खाले मनी मायनं घर शे." एरवी ऑफिसात कधी अहिराणी बोलत नाहीत.

पण सांगावं तर लागलंच. इतकं हाणलं की माती कमी पाण्यातही घट्ट बसते. आपण साइटवर तेवढंच पाणी कळवणार. तिथला रोलर काही इतका दाबणार नाही. मग कोरडी राहिलेली माती भिजल्यावर खचेल. ऐकताना त्यांचा चेहरा उतरला.

नवी माती चाळून पुन्हा चाचणी घेतली. रॅमर सुटायचा आणि अहिरेंचा हात तसाच वर, उघडा. आकडा कमी आला. बरोबर आला.

"बांधाला एवढी घट्ट माती पुरंल ना, बाई?"

"पुरेल," मी म्हटलं.

किती पटकन म्हटलं. त्या बांधाखाली माझं कोणी राहत नाही.